मालगुजाराचा वाडा आणि थॅडीची निष्ठा

जमीनदारी संपते, तिची गंमत मात्र मागे राहते. भंडारा-चंद्रपूरकडील तलावांचेच पाहा. १९५१ साली, नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, मालगुजारी संपुष्टात आली आणि मालगुजारांचे तलाव 'माजी मालगुजारी' ठरले. त्याचे लघुरूप झाले 'मामा तलाव'. ज्या मराठीत 'मामा बनवणे' म्हणजे फसवणे, तिथे हे नाते मोठे मार्मिक आहे. त्यातून कित्येक तलाव बांधले कोहळ्यांनी, नाव मात्र मालगुजाराचे!

वाड्याचा हा विनोद पुस्तकात कसा उतरतो, हे पाहण्यासाठी आम्ही मारिया एजवर्थ यांची 'कॅसल रॅकरेंट' (१८००) ही आयरिश कादंबरी पुन्हा वाचली. कुळे बहुतांशी कॅथोलिक, जमीनदार बहुतांशी प्रॉटेस्टंट, असा तो देश. लेखिकाही जमीनदाराचीच कन्या. निवेदन मात्र तिने थॅडी या म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या मुखी घातले आहे. धन्याच्या चार पिढ्यांचे तो मनापासून गुणगान करतो आणि त्या गुणगानातूनच त्यांचे दिवाळे उघडे पडते. सर पॅट्रिकच्या अंत्ययात्रेत कर्जापायी त्याचे प्रेतच जप्त होते. वारस म्हणतो, हा घराण्याचा अपमान. आता एक छदामही फेडणार नाही. ही जप्ती वारसानेच घडवून आणली, अशी कुजबुज होते. थॅडी ती नोंदवतो, पण धन्याला दोष देत नाही. एवढा निष्ठावंत चाकर कोणत्याही शत्रूपेक्षा घातक!

आमच्याकडे हे हसू खडी गंमतीत आहे. दिवाळीनंतरच्या मंडईत शाहीर, ढोलकी आणि स्त्रीवेषातील नाच्या उभे राहिले की थोरामोठ्यांची टर उडते, आणि ती उडवणारा वाड्याचा आश्रित नसून समोर बसलेल्यांपैकीच एक असतो. आयरिश कुळाला लेखिकेने दिलेला आवाज उसना होता. हा स्वतःचा आहे. म्हणून तो अधिक मोकळा, पण अधिक उथळही, असे आम्हांस वाटते. मालगुजार थेट मूर्ख ठरला की हशा होतो आणि विरतो. मालगुजाराची स्तुती करता करता त्याला उघडे पाडणारा एखादा दिवाणजी मराठी कादंबरीत आमच्या वाचनात नाही.

शेवटी रॅकरेंटची मिळकत जाते ती थॅडीच्याच वकील मुलाकडे, जेसनकडे. थॅडी त्यावर हळहळतो. त्याची ती हळहळ कितपत खरी, हे एजवर्थबाईंनी वाचकावर सोडले आहे.