शिष्यवृत्ती मिळाली, पण तिकीट कोण काढणार?

दरवर्षी दिवाळी झाली की मला साधारण एकाच मजकुराचे मेसेज यायला लागतात. "ताई, एमएस्सी फिजिक्स पहिल्या वर्षाला आहे. नासामध्ये इंटर्नशिप करायची आहे. स्कॉलरशिप असते ना?"

असते. पण ती कोण देतं, कुणाला देतं आणि मुख्य म्हणजे पैसे कधी हातात पडतात, हे विचारायला लागलं की चित्र बदलतं. एरवी मी इथे माझ्या पीएचडीबद्दल, म्हणजे रेडिओ दुर्बिणी आणि त्यांच्या हट्टी डेटाबद्दल लिहिते. आज या योजनांबद्दल लिहिते आहे. संधींची यादी देत नाही. तसले व्हिडिओ ढिगाने आहेत आणि त्यात 'फुल्ली फंडेड' हा शब्द इतक्या वेळा येतो की आता त्याची मला भीतीच वाटते.

नासापासूनच सुरुवात करू. परदेशी विद्यार्थ्यांसाठी नासाचा एक आंतरराष्ट्रीय इंटर्नशिप कार्यक्रम आहे, त्याला 'आय-स्क्वेअर्ड' म्हणतात. त्यातली अट अशी, की ज्या देशातल्या संस्थेशी नासाचा तसा करार झालेला आहे, त्याच देशाच्या विद्यार्थ्यांनी अर्ज करायचा. आणि खर्च नासा करत नाही, पाठवणारी संस्था करते. न्यूझीलंडचंच बघा. पुणे जिल्ह्याहून कमी लोकसंख्येचा देश, पण तिथलं सरकार स्वतःच्या पैशाने आपले विद्यार्थी पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत पाठवतं. नॉर्वेसारखे देशही या कार्यक्रमातून मुलं पाठवत आले आहेत. म्हणजे आपण जिला 'नासाची स्कॉलरशिप' म्हणतो, ती बहुतेक वेळा त्या त्या देशाने आपल्या मुलांसाठी विकत घेतलेली खुर्ची असते. करार असलेल्या देशांच्या यादीत भारताचं नाव मला आजवर कधी दिसलेलं नाही.

याच लॅबोरेटरीने आणि इस्रोने मिळून 'निसार' उपग्रह बनवला. त्यातलं एल-बँड रडार अमेरिकेचं, एस-बँड आपलं. दोन्ही रडार एकत्र जोडून २०२३ मध्ये बंगळुरूला आली आणि ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून उड्डाण झालं. दोन देश मिळून एवढं यंत्र उभं करू शकतात, तर वर्षाला दहा विद्यार्थ्यांच्या दहा आठवड्यांचा करार अवघड नसावा. अर्थात यंत्राचा फोटो पहिल्या पानावर येतो, विद्यार्थ्याचा येत नाही.

युरोपीय अंतराळ संस्थेच्या, म्हणजे ईसाच्या इंटर्नशिप पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीच असतात, पण त्याही सदस्य आणि सहकारी देशांच्या नागरिकांसाठी. यात मला अन्याय दिसत नाही. पैसा त्यांच्या करदात्यांचा आहे.

मग उरतं काय? इथे दुसरी गंमत आहे, 'पदव्युत्तर' या शब्दाची. अमेरिकेतल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या प्रसिद्ध उन्हाळी जागा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत, आणि त्या पैशावर जाण्यासाठी अमेरिकेचे नागरिक किंवा कायमचे रहिवासी असावं लागतं. कॅलटेकचा 'सर्फ'सुद्धा पदवीच्याच मुलांसाठी. आपला एमएस्सीचा विद्यार्थी तिकडच्या हिशोबाने 'ग्रॅज्युएट' ठरतो, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांच्या रांगेत. पण त्या रांगेतले बहुतेक जण आधीच कुणाच्या तरी प्रकल्पाच्या पगारावर असतात, त्यामुळे तिथे वेगळ्या उन्हाळी शिष्यवृत्त्या कमी. एका रांगेत तुम्ही मोठे, दुसरीत लहान.

या फटीत बसणारे जे थोडे कार्यक्रम आहेत, त्यांचं मात्र मनापासून कौतुक करायला हवं. नेदरलँड्समधल्या लायडन वेधशाळेचा 'लीप्स', आणि ड्विंगलोच्या 'अ‍ॅस्ट्रॉन'चा उन्हाळी कार्यक्रम. दोन्ही ठिकाणी एमएस्सीवाले चालतात, जगभरातून अर्ज घेतले जातात आणि विद्यावेतन मिळतं. ह्यूस्टनच्या ल्युनर अँड प्लॅनेटरी इन्स्टिट्यूटने तर इंटर्नशिप कशी असावी याचा धडाच घालून दिला. २००८ पासून पाच उन्हाळे तिथे आलेल्या विद्यार्थ्यांच्या गटांनी एकच प्रश्न पुढे नेला: चंद्राबद्दल वैज्ञानिकांनी २००७ च्या अहवालात जे प्रश्न मांडलेत, त्यांची उत्तरं मिळवायला उतरायचं कुठे? एका वर्षीच्या गटाचं काम पुढच्या वर्षीच्या गटाने उचललं. २०१२ मध्ये त्याचं अख्खं पुस्तक निघालं, आणि सगळ्यात जास्त प्रश्न एका ठिकाणी सुटतील अशी जागा म्हणून श्रोडिंगर विवराचं नाव पुढे आलं. इंटर्नला फोटोकॉपी काढायला लावणाऱ्यांनी हे बघावं.

आता माझी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला मला युरोपातल्या एका संस्थेत बारा आठवड्यांची जागा मिळाली. संस्थेचं नाव सांगत नाही, माणसं चांगली होती. पत्रात लिहिलं होतं, प्रवासखर्च मिळेल. खाली बारीक अक्षरात: आल्यानंतर, बोर्डिंग पास आणि पावत्या जमा केल्यावर. तिकीट ७१ हजारांचं. वर व्हिसाची फी, विमा आणि मुंबईच्या दोन खेपा. वडील एसटीत वाहक. घरची शिल्लक पतसंस्थेत, आणि व्हिसाच्या कागदांत बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट लागतं. पतसंस्थेचं पासबुक खिडकीवरच्या बाईंनी उलटसुलट करून परत दिलं. शेवटी मावशीने पाटल्या गहाण ठेवल्या, पैसे माझ्या खात्यात आले, मग त्या पैशाचा 'उगम' सांगणारं आणखी एक पत्र. तिकिटाची परतफेड झाली सप्टेंबरात. पूर्ण झाली, एक युरोही कमी नाही. पाटल्यांवरचं पाच महिन्यांचं व्याज मात्र कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नव्हतं.

माझ्याच वर्गातल्या एका मुलाला तशीच जागा दुसऱ्या देशात मिळाली होती. तो गेला नाही. विभागात सगळ्यांना वाटलं, व्हिसा नाकारला. व्हिसाचा अर्जच केला नव्हता त्याने. निवड समितीच्या वहीत मात्र त्याच्या नावापुढे 'उमेदवाराने नकार दिला' असंच लिहिलं गेलं असणार.

माझा आक्षेप आहे तो इथे. या योजना गुणवत्तेवर निवड करतात हे खरंच आहे, निवड समित्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. पण निवड झाल्यावर एक दुसरी, न सांगितलेली निवड होते: लाखभर रुपये चार महिने अडकवून ठेवू शकणाऱ्या घरांची. तिकीट संस्थेने थेट काढून दिलं तर तिचा खर्च एका पैशाने वाढत नाही. फक्त एक कारकून जास्त राबेल. अमेरिकेला जायचं तर जे-१ व्हिसाची फी १८५ डॉलर, त्याआधी सेविसची २२० डॉलर. हेही विद्यार्थ्याने आधीच भरायचं, आणि व्हिसा नाकारला तर पैसे गेले.

दोष सगळा तिकडचाच आहे असं नाही हं. युरोपातल्या बऱ्याच उन्हाळी जागा जूनमध्ये सुरू होतात आणि दहा-बारा आठवडे चालतात. आपली परीक्षा मे संपेपर्यंत, कधी जूनपर्यंत रेंगाळते, आणि तिसरं सत्र सुरू झालं की ७५ टक्के हजेरी. मी परत आले तेव्हा विभागात पहिला प्रश्न आला, "हजेरीचं काय करायचं?" काय शिकलीस, हे मेसच्या काकूंनी विचारलं.

काकूंना जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण दहा-बारा आठवड्यांत काय होतं असं वाटणारे पुष्कळ आहेत. कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी आपल्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना वाकतात. पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं हलताना दिसतं ना, तशी आकाशातली दीर्घिका डेटामध्ये हलते. नाणं स्थिर आहे, पाणी हलतंय, हे गणिताने वेगळं करायचं. माझे पहिले तीन आठवडे सॉफ्टवेअर चालवण्यातच गेले, सहा आठवडे चुकीच्या प्रतिमा काढण्यात, आणि दहाव्या आठवड्यात पहिल्यांदा ती दीर्घिका जागेवर थांबली. आज खोडदच्या जीएमआरटीच्या डेटावर मी जे काम करते त्याचं मूळ त्या सहा चुकीच्या आठवड्यांत आहे. हे वर्गात शिकवता येत नाही.

आणि यासाठी श्रेयांक देणं आता अवघडही नाही. नव्या धोरणात महाराष्ट्रातल्या एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ श्रेयांक आहेतच. बहुतेक मुलं ते गावातल्याच कुठल्या तरी लॅबचं पत्र आणून भरून काढतात. परदेशी वेधशाळेतले बारा आठवडे त्यात धरायला आणि हजेरीत सूट द्यायला विभागाचा एक ठराव पुरेल. विद्यापीठाने त्याच ठरावात तिकिटापुरती बिनव्याजी उचल द्यायची सोय केली, परतफेड आली की पैसे परत, तर मावशीच्या पाटल्या कपाटातच राहतील.

यंदाचा पहिला मेसेज परवा आला. मुलगा परभणीकडचा, मार्क चांगले, पायथन येतं. लीप्स आणि अ‍ॅस्ट्रॉन दोन्हीकडे अर्ज कर म्हटलं, शिफारसपत्रासाठी सरांना आत्ताच भेट. मग विचारलं, पासपोर्ट आहे का?

"नाही ताई. सिलेक्शन झालं की काढतो."

सिलेक्शन झाल्यावर उशीर होईल, साध्या अर्जाची फी पंधराशे रुपये आहे, याच आठवड्यात अपॉइंटमेंट घे आणि तारीख मला कळव, असं लिहिलंय. अजून उत्तर यायचंय.