घड्याळ अचूक, पण तराजू?

पुण्याहून नाशिक रस्त्यानं नारायणगावला गेलात की जवळच खोडदला आपली जीएमआरटी दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशेसची. आकाशातल्या एकाच स्रोताकडून आलेले १५ वेगवान रेडिओ स्फोट या दुर्बिणीनं टिपल्याचं २०२० साली प्रसिद्ध झालं. हे स्फोट मिलिसेकंदांचे असतात. त्यांच्याबद्दल केला जाणारा एक दावा आज तपासू.

दावा असा: वाटेत एखादी दीर्घिका आली, तर तिच्या गुरुत्वाकर्षणामुळे एकच स्फोट दोन वाटांनी, दोनदा पोचतो. मधल्या विलंबावरून विश्वाच्या प्रसरणाचा दर, म्हणजे हबल स्थिरांक, काढता येतो. मूळ कल्पना रेफ्स्डाल यांची, १९६४ची, सुपरनोव्हासाठी मांडलेली. क्वेसारचा विलंब मोजताना दिवसांची चूक राहते, इथे मिलिसेकंदांची. म्हणून २०१८च्या एका शोधनिबंधानं म्हटलं, अशी दहा उदाहरणं मिळाली तर चूक एक टक्क्याच्या आत येईल. मग ६७ की ७३, हा वाद मिटेल.

माझा आक्षेप इथेच आहे. विलंब घड्याळ सांगतं, पण त्याचा अर्थ लावायला दीर्घिकेचं वस्तुमान कसं पसरलंय ते कळावं लागतं. ते वस्तुमान थोडं घटवून वर एक समान थर पसरला, तर प्रतिमा जागच्या जागी राहतात आणि हबल स्थिरांक मात्र बदलतो. २०२० सालीच बघा. सहा क्वेसारांवरून ७३.३ हा आकडा आला, चूक सुमारे २.४ टक्के. मग त्यांत एक क्वेसार वाढवून वस्तुमानाची गृहीतकं सैल केली, तर चूक आठ टक्क्यांवर गेली. इतर लेन्स-दीर्घिकांची माहिती जोडल्यावर आकडा ६७.४ झाला. घड्याळं तीच होती हो!

आपले नैयायिक याला ‘उपाधी’ म्हणतात. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे अनुमान फसतं, कारण लाकूड ओलं असावं लागतं. इथलं ओलं लाकूड म्हणजे वस्तुमानाचं गृहीतक.

दाव्यात तथ्य नाही असं नाही. क्वेसारसारखा झगझगाट इथे नसतो, त्यामुळे मूळ दीर्घिकेची ताणलेली प्रतिमा स्वच्छ दिसते आणि वस्तुमानाचा अंदाज सुधारतो. खरा फायदा हा आहे, मिलिसेकंदांचा नव्हे. तेव्हा पुढे अशी बातमी वाचाल, तेव्हा एवढंच विचारा: वेळ मोजली हे ठीक, पण वजन कशानं केलं?