तुटक रेषेचा सच्चेपणा

सडक अर्जुनीहून तुमसरकडे गेलं की डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मॉयल या सरकारी कंपनीच्या मँगनीज खाणी लागतात. अशा खाणीतल्या भूशास्त्रज्ञाचं कसब जाणायचं तर त्याचा बोअरहोलचा लॉग, म्हणजे खोलीनुसार केलेली खडकांची नोंद, शेजारी कोअरची (ड्रिलनं काढलेल्या खडकाच्या दंडगोल तुकड्यांची) पेटी ठेवून सावकाश वाचावा.

समजा, नोंद अशी आहे: 12 ते 15 मीटर, कोअर 2.40 मीटर, प्राप्ती 80 टक्के. पेटीतले तुकडे जरा सैल मांडले असते तर साठ सेंटिमीटरची तूट सहज झाकली असती. पण मऊ, भुसभुशीत खनिजच अनेकदा ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणजे जे हरवलं त्याचा कस हाती आलेल्या दगडासारखाच असेल, असं धरून चालत नाही. तो 80चा आकडा आणि पेटीतली मोकळी सोडलेली जागा, दोन्हींना मनापासून दाद द्यावी.

पुढच्या ओळीत ‘गोंडाइट’. भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी 1909च्या आपल्या मँगनीजवरच्या ग्रंथात वर्णिलेला हा खडक म्हणजे क्वार्ट्झ आणि मँगनीजयुक्त गार्नेट. उघड्यावर त्याला काळी पुटं चढतात आणि तो अस्सल खनिजासारखा दिसतो. मात्र गार्नेटमधलं मँगनीज सिलिकेटात अडकलेलं असतं, ते खनिजसाठ्यात धरायचं नसतं. भिंग लावून, पोलादी टोकानं ओरखडा काढून केलेली ही एका शब्दाची नोंद साठ्याचा फुगवटा जागीच रोखते.

छेदचित्रातल्या रेषा तर मला फार आवडतात. थर प्रत्यक्ष दिसला तिथे सलग, दोन बोअरहोलांमधला अंदाज असेल तिथे तुटक. ठाऊक किती आणि तर्क किती, हे पेन्सिलीनंच सांगून टाकलेलं!

कोअर उभा चिरून अर्धाच प्रयोगशाळेला जातो, उरलेला अर्धा पेटीत राहतो. इंडोनेशियातल्या बुसांगच्या सोन्याच्या प्रकरणात ब्री-एक्स कंपनीनं जवळजवळ अख्खा कोअर दळला होता, फेरतपासणीला अर्धा उरलाच नव्हता. 1997मध्ये तो सोन्याचा साठाच बनावट ठरला. म्हणून भूशास्त्र शिकायला निघालेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना एकच सांगणं: लॉगखाली सही करण्याआधी तो उरलेला अर्धा कोअर पेटीत आहे ना, हे स्वतः पाहा.