संकोचाचे हसू

सोनी मराठी वाहिनीवर २०१८ साली ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सुरू झाली. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांच्या या कार्यक्रमाने मराठी घरांत, आणि बालाघाटसारख्या राज्यसीमेपलीकडे राहिलेल्या गावांतील मराठी घरांतही, प्रहसनाची गोडी पुनः लावली, हे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. आमचा आक्षेप आहे तो निराळ्याच गोष्टीविषयी.

या कार्यक्रमातील उत्तम विनोद शाब्दिक कोटीत नसतो; तो अवघडलेपणात असतो. समीर चौघुले यांचे पात्र समोरच्याचे मन दुखवू नये म्हणून वाक्य अर्ध्यावर सोडते, ते सावरण्यासाठी दुसरे आरंभिते आणि पहिल्याहून अधिक गुंतते. उसने दिलेले पैसे मागता येत नाहीत, रेंगाळलेल्या पाहुण्यास ‘आता निघा’ म्हणवत नाही, नाव विसरलेल्या परिचिताशी अर्धा तास गोड बोलावे लागते. असली संकटे कोणावर आलेली नाहीत? भरतमुनींनी हास्याच्या स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांतील स्मित व हसित ही उत्तम प्रकृतीची, तर अपहसित व अतिहसित ही अधम प्रकृतीची. संकोचाचा विनोद जात्याच स्मिताचा. त्याला पिकावयास अवकाश लागतो. पात्र गप्प होते, समोरचा नुसता पाहत राहतो, आणि त्या मौनातूनच हसू उमलते.

तोच अवकाश येथे मिळत नाही. पात्र गप्प होते न होते तोच कॅमेरा परीक्षक प्रसाद ओक व सई ताम्हणकर यांच्याकडे वळतो. ते खळखळून हसतात, आणि प्रेक्षकाने स्वतः शोधावयाचे हसू त्याच्या हाती आयते पडते. एवढ्यावरही भागत नाही. मौनाची धास्ती घेतलेला विनोद मग सहकाऱ्याच्या वर्णावर वा स्थूल देहावर घसरतो. अशी कोटी आयत्या वेळी सुचली म्हणून तिला समयस्फूर्ती म्हणणे, हा त्या शब्दाचाच अपमान होय.

समयस्फूर्ती म्हणजे काय, हे कोकण-गोव्यातील वाचकांस सांगावयास नको. जत्रेच्या रात्री देवळापुढे उभा राहणारा दशावतारी नट लिखित संहितेवाचून बोलतो. आख्यानाचा सांगाडा ठरलेला. संवाद मात्र तेथल्या तेथे जुळवावयाचे. साहजिकच समोरचा काय बोलला याकडे त्याला कान द्यावाच लागतो, कारण आपले पुढचे वाक्य त्यातूनच निघावयाचे असते. आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यातील खडी गंमतही याच जातीची. शाहीर व नाच्या यांची सवाल-जबाबाची झटापट प्रेक्षकांच्या कड्यात चालते, आणि प्रेक्षक हसले नाहीत तर मदतीस धावणारा कॅमेरा तेथे नसतो! नट थांबतो, वाट पाहतो.

दूरचित्रवाणीला हे साधणारच नाही, असे मात्र नव्हे. चौघुले व विशाखा सुभेदार या जोडीच्या प्रवेशांत हे ऐकणे स्पष्ट दिसे. एकाने सोडलेला धागा दुसऱ्याने उचलावा, तोही घाई न करता. आणि चूक झालीच तर ती झाकण्याऐवजी तिच्यातच रमावे. हे नटांना येते. वाहिनीने एकदा तरी एखादे प्रहसन परीक्षकांचे चेहरे न दाखविता, आरंभापासून अखेरपर्यंत सलग दाखवून पाहावे.