वेड : रंगभूमीवरचे आणि घरातले

मराठी भाषेत 'वेड' ह्या शब्दाइतका उदार शब्द क्वचितच आढळेल. वारकऱ्याला विठ्ठलाचे वेड, तरुणाला गाण्याचे वेड, आईला लेकराचे वेड. आणि ज्याचे मन खरोखरच व्याधिग्रस्त झाले आहे, तोही वेडाच. पहिल्या तिन्ही अर्थी हा शब्द कौतुकाचा आहे. चौथ्या अर्थी मात्र तो शिवी होतो. ह्या दुहेरी वागणुकीत आपल्या नाट्यवाङ्मयाचा वाटा किती, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या रंगभूमीने वेडाला दोन दारांनी आत घेतले. पहिले दार हास्याचे. गडकऱ्यांच्या अपूर्ण राहिलेल्या विनोदी नाटकाचे नावच 'वेड्यांचा बाजार' असे आहे. तथापि हे हास्य सर्वस्वी सदोष मानण्याचे कारण नाही. देवलांच्या 'संशयकल्लोळ' ह्या नाटकातील फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो आणि आपण हसतो. कारण त्या संशयाचा एखादा कण आपल्याही मनात असतो. हे हास्य प्रेक्षकाला पात्राच्या शेजारी नेऊन बसवते. परंतु प्रहसनांतून फाटका कोट आणि उलटी टोपी घालून येणारा जो वेडा असतो, त्याला नाव नसते, घर नसते, आईबाप नसतात. त्याला हसताना 'हा मी नव्हे' एवढेच समाधान प्रेक्षकाला हवे असते. विनोदाचा कस लावावयाचा तो ह्या भेदावर.

दुसरे दार कारणाचे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे रूपांतर 'विकारविलसित' ह्या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. मूळ नाटकात नायकाने वेडाचे सोंग घेतले आहे, तर ऑफेलियाचे वेड खरे आहे. पण तिच्या वेडामागे पित्याचा मृत्यू आणि भग्न प्रेम उभे आहे. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' (१९७०) ह्या नाटकातील गणपतराव बेलवलकरांच्या मनाचा तोल ढळतो, तो पोटच्या मुलांनी केलेल्या अवहेलनेमुळे. प्रेक्षक रडतो आणि ते योग्यच आहे. मात्र ही करुणा एका अटीवर मिळते, हे लक्षात घेतले पाहिजे. दुःख भव्य असावे आणि त्याला कोणीतरी अपराधी सापडावा, ही ती अट.

आजार ही अट पाळत नाही. सुखवस्तू घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाला एके दिवशी, कोणी बोलत नसताना, आवाज ऐकू येऊ लागतात. त्याला कोणी छळलेले नसते, त्याचा प्रेमभंग झालेला नसतो. मग नाटकाने लावलेली सवय घरात कामाला लागते आणि कारणाचा शोध सुरू होतो. आईने लाडावले, सुनेचा पायगुण वाईट, कोणी करणी केली, पूर्वजन्मीचे पाप भोवले. रंगभूमीवर जे करुणेचे दार होते, तेच घरात दोषारोपाचे दार होते. आणि ह्या शोधात वैद्याकडे जाण्याची वेळ निघून जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, निरनिराळ्या मनोविकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर असल्याचे आढळले. उपचारांच्या सोयी अपुऱ्या आहेत हे खरेच. पण लज्जेचाही त्यात वाटा आहे.

रंगभूमीने न उघडलेले तिसरे दार चित्रपटाने उघडले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांच्या 'देवराई' (२००४) ह्या चित्रपटातील शेष स्किझोफ्रेनियाने आजारी आहे. येथे अपराधी शोधलेला नाही. बहीण भावाला आपल्या घरी आणते, त्याच्यावर उपचार करविते. आणि 'असे का झाले' ह्या प्रश्नाची जागा 'आता एकत्र राहावयाचे कसे' हा प्रश्न घेतो. देवराईचे प्रतीक कोठे कोठे इतके मोहक होते की आजारालाही काव्याची झालर लागते, हा दोष मी मानतो. तरीही रुग्णाला घर आणि नाते देणे ही त्याची थोर कामगिरी होय.

कायद्याने आपली भाषा सुधारली आहे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'लुनसी' म्हणजे वेडेपणा हा शब्द होता. १९८७ च्या आणि त्यानंतर २०१७ च्या कायद्याने 'मानसिक आरोग्य' ही संज्ञा स्वीकारली. आपली जीभ मात्र जुन्याच ठिकाणी आहे. मुंबईकडे 'ठाण्याला पाठवा', पुण्याकडे 'येरवड्याला पाठवा' आणि इकडे उत्तरेत 'आग्र्याला पाठवा' असे आपण सहज म्हणून जातो. जेथे रोगी बरे व्हावेत म्हणून रुग्णालये उभी राहिली, त्या गावांची नावेच आपण थट्टेस लावली.

हे सारे लिहिण्याचा अधिकार मला एका चुकीने दिला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी स्वतः एक प्रहसन निवडले होते. त्यातील वेड्याचे काम करणाऱ्या मुलाने सभागृह हसवून सोडले. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो. मधल्या रांगेतील एक विद्यार्थी उठून बाहेर गेला. त्याच्या वडिलांवर मनोविकाराचे उपचार चालू होते, हे मला दुसऱ्या दिवशी त्याच्या आईकडून कळले. त्या माउलीने तक्रार केली नाही. 'सर, हे वर्गात कोणाला कळू देऊ नका,' एवढेच ती म्हणाली. मुलाची समजूत कशी घालावी हे मला सुचले नाही, आणि त्यानेही तो विषय पुन्हा काढला नाही.

विनोदी नाटके बंद करावीत, असे मी म्हणणार नाही. फाल्गुनरावाचे प्रवेश आमच्याकडे अजूनही होतात. मात्र संमेलनासाठी संहिता निवडताना मी आता एक प्रश्न आधी विचारतो : हा प्रवेश चालू असताना सभागृहातील एखाद्या मुलाला उठून बाहेर जावे लागेल काय? शिक्षकबंधुभगिनींनीही तो विचारून पाहावा, एवढीच विनंती आहे.