रिकामे पात्र

संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांच्या चर्चेत एक द्वंद्व बहुधा गृहीत धरले जाते : एकीकडे खेळणाऱ्याची निमग्नता, दुसरीकडे व्यक्तिचित्रण. ‘डंजन क्रॉलर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे भुयारी चक्रव्यूहात उतरून लढत पुढे सरकण्याच्या खेळांत पहिली साधते व दुसरे उणे राहते, असा अभिप्राय असतो. हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे.

‘डंजन मास्टर’मध्ये (१९८७) २४ वीरांच्या चित्रांतून जास्तीत जास्त चार निवडायचे असतात. निवडलेल्याला पुन्हा जिवंत करता येते किंवा त्याचा पुनर्जन्म घडवता येतो. पुनर्जन्मात त्याची आधीची कौशल्ये पुसली जातात आणि नावही नवे देता येते. भुयार दिसते ते त्यांच्या डोळ्यांनी, पण मंत्राची चिन्हे एकेक करून जुळवायची ती खेळणाऱ्याने. काळ थांबत नाही, भूक-तहान थांबत नाही. हे चौघे एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. मराठीतील ‘पात्र’ या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकवटतात : पात्र रिकामे आहे म्हणूनच खेळणारा त्यात मावतो.

मात्र ते रिकामेच राहते काय? ‘विझार्ड्री’तील (१९८१) सहा जण म्हणजे सहा नावे आणि काही आकडे, भिंती नुसत्या रेषांच्या. परंतु सहाही जण मेले तर प्रेते चक्रव्यूहातच राहतात आणि ती आणण्यासाठी दुसरी तुकडी पाठवावी लागते. मंदिरातील पुनरुज्जीवन फसले तर प्रेताची राख होते. तेही फसले तर तो गडी कायमचा जातो. कादंबरीच्या वाचकाला मागचे पान उलटता येते. येथे मृत्यूची नोंद तबकडीवर होऊन चुकलेली असते. त्या आकड्यांविषयी वाटणारी हळहळ लिहिलेल्या चरित्रातून येत नाही. ती सोबत काढलेल्या वाटचालीतून साचते. व्यक्तिरेखा संहितेत नसते, खेळणाऱ्याच्या स्मृतीत घडते.

न. चिं. केळकरांच्या ‘सविकल्प समाधी’त वाचक स्वतः राहून दुसरा होतो. भुयारातल्या समाधीत ‘स्वतः’ आहे; ‘दुसरा’ मात्र त्याचाच विस्तार आहे. या प्रकाराची खरी मर्यादा येथे आहे. ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’चा (१९९९) स्मृतिभ्रष्ट, अमर नायक आपण वरून, तिरक्या कोनातून पाहतो. त्याच्या पूर्वीच्या अवतारांची कृत्ये खेळणाऱ्याने केलेली नसतात, तरी त्यांचा जाब त्याला द्यावा लागतो. तेथे दुसरेपणाशी गाठ पडते. ‘विझार्ड्री’चा गडी असा जाब कधीच मागणार नाही, त्याला भूतकाळ आहे तो आपणच दिलेला.

तेव्हा निमग्नता आणि व्यक्तिचित्रण यांत मुळात वैर नाही. भेद आहे तो ममत्व आणि परत्व यांत. भुयारातील खेळ ममत्व देतात, आणि तेही एखाद्या नावावर व चार आकड्यांवर. हे सामर्थ्य लहान नव्हे. परत्व मात्र ते देऊ शकत नाहीत. त्यांचे मूल्यमापन करताना व्यक्तिचित्रणाचा अभाव मोजण्यापेक्षा हा भेद ध्यानी घेणे अधिक न्याय्य ठरेल.