स्तोत्र ९४ मधील ईश्वरी सूड आणि संत नामदेवांची पदे : एक तौलनिक विचार

प्रस्तावना

बायबलमधील स्तोत्रसंहितेत सूडाची याचना करणारी काही स्तोत्रे आहेत. त्यांपैकी २३ वचनांचे ९४ वे स्तोत्र परमेश्वराला आरंभीच सूड घेणारा देव म्हणून हाक मारते. दयाळू ईश्वराच्या कल्पनेशी हे संबोधन विसंगत ठरते, असा आक्षेप घेतला जातो. प्रस्तुत लेखात या आक्षेपाचा विचार संत नामदेवांच्या (१२७०–१३५०) दोन पदांच्या आधारे केला आहे. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे त्यांचे जन्मस्थान मानले जाते. येथे प्रभावाचा दावा अभिप्रेत नाही. साम्य आहे ते अन्याय सोसणाऱ्याच्या युक्तिवादात.

सूडाचा अर्थ

मराठीत 'सूड' म्हटले की वैयक्तिक वैर डोळ्यांसमोर येते. मूळ हिब्रू 'नेकामोत' या शब्दाला मात्र अधिकारी सत्तेने पीडिताची बाजू राखणे, अशीही छटा आहे. स्तोत्रकर्ता त्याच ओघात परमेश्वराला पृथ्वीचा न्यायाधीश म्हणतो. विधवा, परका आणि अनाथ यांची हत्या होत आहे, आणि देव हे पाहत नाही, अशी मारेकऱ्यांची खात्री आहे. विसाव्या वचनात तर कायद्याच्या आडून अनर्थ रचणाऱ्या सत्तेचा निर्देश येतो. जेथे न्यायासनच भ्रष्ट आहे, तेथे दाद मागण्यास देवाखेरीज कोणी उरत नाही. स्तोत्रकर्ता स्वतः शस्त्र उचलत नाही. सूड देवाकडे सोपवणे म्हणजे तो मानवाच्या हातून काढून घेणे होय.

नामदेवांची तक्रार

औंढा नागनाथ येथील मंदिर नामदेवांसाठी फिरले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे असून, त्यांतील भैरव व मल्हार रागांतील दोन पदांत स्थळाचा उल्लेख न करता हाच प्रसंग येतो. पहिल्या पदात जातीमुळे उठवले गेलेले नामदेव कांबळे घेऊन देवळामागे जाऊन बसतात. दुसऱ्यात ते देवालाच विचारतात, की मृत्यूनंतर दिलेली मुक्ती कोणास कळणार? भक्ताला हीन ठरवले जाते तेव्हा देवाचीच प्रतिष्ठा उणावते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. स्तोत्रकर्त्याचा हेतूही हाच आहे. देवाचे मौन हा जुलूम करणाऱ्यांचा पुरावा ठरू नये; न्याय याच जगात आणि सर्वांच्या देखत व्हावा.

भेद आणि मर्यादा

शेवट मात्र भिन्न आहेत. स्तोत्राची समाप्ती दुष्टांच्या संहाराच्या विश्वासाने होते. नामदेवांच्या पदात कोणाचाही नाश होत नाही. देऊळ नामदेवांकडे वळते आणि पंडितांच्या वाट्याला पाठ येते. शिक्षा आहे, पण ती स्थानाची अदलाबदल आहे. ही करुणा मोठी असली, तरी तिची मर्यादा नजरेआड करता येत नाही. देऊळ फिरले, पण नामदेवांना उठवणारा नियम रद्द झाल्याचे पद सांगत नाही. उलट स्तोत्र त्या नियमामागील सत्तेवरच बोट ठेवते.

निष्कर्ष

स्तोत्र ९४ मधील सूड हा द्वेषाचा उद्गार नसून, न्यायाची दारे बंद झालेल्यांचा अर्ज आहे. नामदेवांच्या पदांशेजारी ठेवून वाचल्यास त्यातील संहाराची भाषा खटकते, हे खरे. परंतु त्या भाषेला केवळ असंस्कृत ठरवणारा वाचक अर्जदाराची तक्रार न ऐकताच निकाल देतो. संहाराविना न्याय कसा असू शकतो हे पदे दाखवतात, तर अन्यायाचे मूळ कोठे शोधावे हे स्तोत्र सांगते.